नदी वर, घरं खाली!

टोकियो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? शिबुयाचं ते फेमस क्रॉसिंग, निऑनचे बोर्ड, लोकलमध्ये माणसं आत ढकलणारे पांढरे हातमोजे. माझ्याही डोळ्यांपुढे तेच होतं. पण गेल्या नोव्हेंबरात दहा दिवस तिथे राहून आले, तेव्हा सगळ्यात जास्त लक्षात राहिला तो एक साधासुधा रविवार. शॉपिंग नाही, टॉवर नाही, फॅन्सी रेस्टॉरंट नाही. एक भाड्याची पिटुकली गाडी, दोन नद्या आणि त्यांच्या काठावरची सामान्य माणसांची घरं. बस्स!

तर झालं असं. माझा मावसभाऊ गेली नऊ वर्षं टोकियोत आयटीमध्ये आहे. राहतो निशी-कासाईत. हा एदोगावा वॉर्डातला, मेट्रोच्या तोझाई लाइनवरचा भाग. साल २००० च्या आसपास कॉम्प्युटरच्या ‘वायटूके’ भानगडीसाठी भारतातून इंजिनिअर आले, ऑफिसला जायला सोयीचं म्हणून इथे राहिले आणि मग एकमेकांच्या ओळखीने येतच गेले. आता स्टेशनबाहेर पडलं की तूरडाळ आणि हिंग मिळतो. बागेत ‘ए, हळू पळ रे’ अशी मराठीतली हाकही ऐकू येते. २०१९ मध्ये या वॉर्डाच्या सभागृहावर योगेंद्र पुराणिक हा मराठी माणूस निवडून गेला, यावरून काय ते समजा.

दादा आणि वहिनीला आता भाड्याचं घर सोडून स्वतःचा फ्लॅट घ्यायचा होता. शिनोझाकीजवळ, एदोगावा नदीपासून चालत दहा मिनिटांवर. पाचवा मजला, शाळा जवळ, दादाच्या पगारात बसणारा हप्ता. एजंटला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. दादाचं ‘हो’ तयार होतं. वहिनीचं मात्र अडलं होतं एका नकाशावर.

फ्रिजवरचा नकाशा

हा नकाशा त्यांच्या फ्रिजवर मॅग्नेटने लावलेला आहे, वाण्याच्या बिलाच्या आणि भाच्याच्या शाळेच्या टाइमटेबलच्या मध्ये. २०१९ मध्ये वॉर्डाने प्रसिद्ध केलेला पुराचा नकाशा. जवळजवळ सगळा वॉर्ड रंगवलेला. रंग जितका गडद, तितकं पाणी खोल. काही ठिकाणी दहा मीटरपेक्षाही जास्त पाणी येऊ शकतं, आणि एकदा भरलं की एक-दोन आठवडे ओसरणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मुखपृष्ठावर वॉर्डाच्या जागी काय छापलंय माहितीये? ‘इथे थांबू नका!’ म्हणजे मोठा पूर येणार असं कळलं, की वॉर्डातच कुठे तरी आसरा शोधू नका, वॉर्ड सोडून दूर निघून जा.

मी चक्रावलेच. आपल्याकडे कुठली महापालिका आपल्याच नागरिकांना असं सांगेल?

वहिनी म्हणाली, “तू हसतेयस. मला सांग, ज्या गावाचे लोकच म्हणतात इथे थांबू नका, तिथे तीस वर्षांचं कर्ज काढून घर घ्यायचं का?”

दादा म्हणाला, “उद्या रविवार आहे. गाडी घेऊ. नदी सगळी बघून येऊ, मग ठरव.”

मला तर निमित्तच हवं होतं.

समुद्रापासून सुरुवात

दादाने कार-शेअरिंगमधून पिवळ्या नंबर प्लेटची छोटी ‘केई’ कार घेतली होती. या गाड्यांचं इंजिन ६६० सीसीपर्यंतच असतं, पण आत चार माणसं आणि एक डबा आरामात मावतो. डब्यात वहिनीचे थेपले होते. जपानमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे शेजारी बसूनही काही चुकल्यासारखं वाटत नाही. चुकल्यासारखं वाटतं ते एवढंच, की कुणी हॉर्न वाजवत नाही.

सकाळी आठला आम्ही कासाई रिंकाई पार्कला पोचलो. इथे अराकावा नदी टोकियोच्या आखाताला मिळते. पार्कात ११७ मीटर उंच जायंट व्हील आहे, पण खरी मजा खालच्या चिखलाट किनाऱ्यावर. ओहोटीला उघडी पडणारी ही पुळण २०१८ पासून रामसर यादीत आहे, म्हणजे पाणपक्ष्यांसाठी जगात महत्त्वाची मानलेली जागा. दुर्बिणी लावलेले आजोबा रांगेत उभे होते. मागे गगनचुंबी शहर, पुढे बदकांचे थवे.

इथे दादाने पहिला धक्का दिला. हा पार्क आणि आसपासच्या नव्या वसाहती समुद्रात भराव टाकून केलेल्या. त्या उंचावर आहेत. आणि आतली जुनी वस्ती, जी शेकडो वर्षांची आहे, ती खोलात! विसाव्या शतकात कारखान्यांनी जमिनीखालचं पाणी बेसुमार उपसलं आणि जमीन खचत गेली. उपसा थांबला, खचणं थांबलं, पण खचलेली जमीन काही वर येत नाही. आज एदोगावा वॉर्डाची सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. पाणी बाहेर राहतं ते बांधांमुळे आणि दिवसरात्र चालणाऱ्या पंपांमुळे.

“म्हणजे आपण घरी झोपतो तेव्हा नदी आपल्या डोक्यावर असते?” मागच्या सीटवरून सहा वर्षांचा भाचा.

“हो,” दादा म्हणाला. वहिनी खिडकीबाहेर बघत होती.

दोन नद्यांच्या मधून

कासाईहून आम्ही एक्स्प्रेस-वेवर चढलो. सेंट्रल सर्क्युलर रूट, सगळे त्याला ‘सी-टू’ म्हणतात. ड्राइव्हची आवड असेल तर हा तुकडा चुकवू नका. खांबांवरून जाणारा हा रस्ता बराच वेळ चक्क दोन नद्यांच्या मधल्या बांधावरून जातो. डावीकडे रुंद अराकावा, उजवीकडे नाकागावा. पलीकडे दोन-तीन मजली घरांची दाटी, बाल्कन्यांत वाळत घातलेल्या गाद्या, मध्येच शाळेची इमारत. समोर ६३४ मीटरचा स्काय-ट्री सारखा जागा बदलतो, कधी डावीकडे, कधी पुलामागे. हवा स्वच्छ होती, त्यामुळे लांबवर फुजीही दिसला. दादाने स्पीड साठच्या वर नेला नाही, आणि गंमत म्हणजे बाकीच्यांनीही फारसा नेला नाही.

मग येतो कात्सुशिका हार्प ब्रिज. केबलवर तोललेला पूल सरळ असतो, असा आपला समज. हा इंग्रजी ‘एस’सारखा वळतो! तारांच्या मधून गाडी वळताना भाचा पोटात गुदगुल्या झाल्यासारखा खिदळला.

पण माझी नजर खाली होती. नदी आणि बांध यांच्या मध्ये प्रचंड मोकळी जमीन. हिरवी. तिच्यावर बेसबॉलची मैदानं एकामागून एक. पांढऱ्या कपड्यांतली पोरं, सायकलवरून ओरडणारे कोच, कुत्री फिरवणाऱ्या बायका, सॅक्सोफोनचा रियाज करणारा एकटा माणूस (घरी वाजवला तर शेजारी वैतागतील ना!). एकही इमारत नाही. ना मंगल कार्यालय, ना पार्किंग, ना ‘रिव्हर व्ह्यू’ टॉवर.

ही जागा नदीची. पूर आला की ती मैदानावर पसरणार, ओसरला की लोक गाळ काढून पुन्हा खेळायला येणार. २०१९ च्या ऑक्टोबरात हागिबिस टायफून आला, तेव्हा हेच झालं होतं. त्या रात्री दादा आणि वहिनी तान्ह्या बाळाला घेऊन एका शाळेच्या जिममध्ये फरशीवर झोपले होते. वहिनीने तो नकाशा फ्रिजवर लावला, तो दुसऱ्या दिवशी.

माणसांनी खणलेली नदी

तासाभरात आम्ही टोकियोच्या उत्तर टोकाला, इवाबुचीला आलो. इथे गाडी पार्क करून बांधावर चढायचं. समोर दोन भलेमोठे दरवाजे, एक लाल, एक निळा. आणि दुसरा धक्का इथे बसतो. आम्ही सकाळपासून जिच्या काठाने आलो ती अराकावा मुळात नदीच नव्हती. ती खणलेली आहे!

१९१० च्या ऑगस्टमध्ये टोकियो महापुरात बुडालं. तेव्हा शहरातून वाहणाऱ्या नदीला एवढं पाणी पेलत नाही हे लक्षात आलं आणि सरकारने शहराच्या बाहेरून नवं पात्र खणायचं ठरवलं. लांबी २२ किलोमीटर, रुंदी अर्धा किलोमीटर. काम १९३० मध्ये पूर्ण झालं. सुमारे १३०० कुटुंबांना घरं सोडावी लागली, शेतं गेली, देवळं हलली. मधेच १९२३ चा भूकंप झाला, केलेलं काम फुटलं, ते पुन्हा केलं. लाल दरवाजा १९२४ चा. पूर आला की तो बंद करायचा, म्हणजे जुन्या नदीत, शहरात, पाणी शिरत नाही, सगळं नव्या पात्रातून समुद्राला जातं. १९८२ मध्ये शेजारी मोठा निळा दरवाजा आला आणि लाल दरवाजा रिटायर झाला. पाडला मात्र नाही. लोकांचा त्याच्यावर जीव आहे, असं दिसतं. शाळेतली मुलं समोर बसून त्याचं चित्र काढत होती.

टूरिस्ट लोक बोटीतून जिची सफर करतात, ती सुमिदा म्हणजे ती जुनी नदी. अराकावा हे तिचंच नाव होतं. अर्थ ‘दांडगी नदी’. १९६५ मध्ये ते नाव अधिकृतपणे खणलेल्या पात्राला दिलं गेलं. शहराने दांडगेपणाही हलवला आणि नावही!

या कामावर आकिरा आओयामा नावाचा इंजिनिअर होता. तरुणपणी तो पनामा कालव्यावर काम करून आला होता, आणि तिथे काम केलेला एकमेव जपानी इंजिनिअर म्हणून त्याला ओळखतात. काम संपल्यावर इथे एक स्मारक बसवलं. त्यावर आओयामाचं नाव नाही. या कामात ज्यांनी कष्ट केले आणि जीव गमावले त्या सोबत्यांची आठवण राहावी, एवढंच काय ते आहे. साध्या कट्ट्याच्या उद्घाटनालाही आपल्याकडे किती नावं लागतात, हे आठवून मला हसू आलं.

२०१९ च्या त्या टायफूनच्या रात्री निळा दरवाजा बंद केला होता. शहर वाचलं.

बांधावर बसून आम्ही थेपले खाल्ले. वहिनी पहिल्यांदाच म्हणाली, “मला वाटलं होतं, हे लोक नशिबावर हवाला ठेवून राहतात. तसं नाहीये.”

“पण नकाशा तर सांगतो, इथे थांबू नका,” मी म्हटलं.

“तेच ना. दरवाजाही बांधला आणि दरवाजा पुरेल असंही म्हणत नाहीत.”

इंद्राच्या गावात

इवाबुचीहून आम्ही साध्या रस्त्यांनी पूर्वेकडे निघालो. अदाची, मग कात्सुशिका. ही टोकियोची ‘शितामाची’ बाजू, म्हणजे सखल भागातली कामकरी वस्ती. एक गाडी जेमतेम जाईल अशा गल्ल्या, दारापुढे कुंड्या, छोटे वर्कशॉप, टोफूचं दुकान. दादा वळणावर आरशात बघत गोगलगाईच्या वेगाने जात होता आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी थांबून आम्हाला वाट देत होती. प्रत्येक वेळी दोन्हीकडून मान झुकवायची. दहाव्या वळणाला माझीही मान आपोआप झुकायला लागली.

शिबामाताला जेवणाचा ब्रेक. हे नाव जपानमध्ये पोराटोरांना माहीत आहे ते ‘तोरा-सान’मुळे. १९६९ पासून त्याच्यावर एकामागून एक सिनेमे निघाले, पन्नास! सुटकेस घेऊन गावोगाव फिरणारा, प्रत्येक सिनेमात प्रेमात पडणारा आणि प्रत्येक वेळी हात हलवत परत येणारा फेरीवाला. त्याचं घर या गावातलं. स्टेशनसमोर त्याचा पुतळा आहे. देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत हिरव्या रंगाचे ‘कुसा-दांगो’ मिळतात, एका रानपाल्याचा वास असलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, वर गोड लाल चवळीचं पुरण. मोदकाचे लांबचे नातेवाईक म्हणा ना! व्हेजवाल्यांनी बिनधास्त खावेत.

आणि देऊळ कुणाचं? ताइशाकुतेन. म्हणजे आपला इंद्र! बौद्ध धर्माबरोबर तो इथवर आला. पावसाचा देव नेमका नदीच्या कुशीत येऊन बसलाय. वहिनीने हात जोडले. काय मागितलं ते विचारलं नाही, पण अंदाज आला.

देवळामागे बांध, बांधापलीकडे एदोगावा नदी. पलीकडचा काठ चिबा प्रांताचा. इथे ‘यागिरी’ची नावेची जुनी वाट आहे. एदो काळात शेतकऱ्यांना नदीपार नेणारी, वल्ह्याने चालणारी लाकडी नाव. काठावर वाळलेलं गवत वाऱ्याने हलत होतं. दहा मिनिटं कुणी काहीच बोललं नाही. आमच्या घराण्यात हा विक्रम आहे.

पाचवा मजला

शेवटचा टप्पा एदोगावाच्या काठाने दक्षिणेकडे, कोइवा, शिनोझाकी करत. इथे रस्ता बांधाच्या पायथ्याशी असतो. एका बाजूला हिरवी गवताची भिंत, दुसऱ्या बाजूला घरं. नदी दिसतच नाही! दिसतात फक्त बांधावरून चाललेल्या सायकलवाल्यांची डोकी. तेव्हा कळतं, पाणी कुठे आहे आणि आपण कुठे आहोत.

सगळं आलबेल आहे असंही नाही. काही ठिकाणी ‘सुपर बांध’ घालताहेत. म्हणजे बांध इतका रुंद आणि सपाट करायचा की फुटायचा प्रश्नच नको, आणि त्याच्यावरच घरं वसवायची. पण त्यासाठी आधी राहती घरं पाडावी लागतात. लोक काही वर्षांसाठी दुसरीकडे जातात, जमीन उंच झाली की परत येतात. म्हातारी माणसं म्हणतात, परत यायला आम्ही असू का? कोइवात काही जण कोर्टात गेले. खर्चही अवाढव्य, म्हणून तुकडे-तुकडेच झालेत.

फ्लॅटच्या बिल्डिंगखाली दादाने गाडी थांबवली. वहिनीने वर बघितलं, मग बांधाकडे.

आणि मला आमची सोसायटी आठवली. पुण्यात, सिंहगड रोडला. आई-बाबांनी घर घेतलं तेव्हा बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ‘रिव्हर व्ह्यू’ मोठ्या अक्षरात होतं. पूररेषा कुठून जाते, याबद्दल अक्षरही नव्हतं. आम्हीही विचारलं नाही. २५ जुलै २०२४ च्या पहाटे पार्किंगमध्ये कमरेइतकं पाणी होतं. बाबांनी शेजारच्या आजींना पाठुंगळीला घेऊन जिना चढवला. कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, कुणालाच माहीत नव्हतं. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आजीने डोळ्यांनी बघितलेला. ‘पाणी इथवर आलं होतं’ म्हणून ती पेठेतल्या भिंती दाखवायची. ती गोष्ट आम्हाला पाठ होती. पण गोष्ट म्हणून.

मी हे सगळं वहिनीला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, “तुमच्याकडे पाणी आलं ते वाईट. पण कुणी सांगितलंच नाही, हे जास्त वाईट.”

मग तिने दादाला तीन प्रश्न विचारले. टायफूनच्या आधी दोन दिवस निघायचं झालं तर जायचं कुणाकडे? ऑफिस सुट्टी देईल का? आणि तळमजल्यावरच्या त्या दोन म्हाताऱ्या बहिणी, त्यांना कोण नेणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दादाकडे होतं, हाचिओजीचा एक मित्र. दुसऱ्याचं ‘विचारतो’. तिसऱ्याचं नव्हतं.

“ते शोध आधी,” वहिनी म्हणाली. “मग सही.”

सोमवारी त्यांनी एजंटकडून आठवडा मागून घेतला. मी परत आल्यावर मेसेज आला: फ्लॅट घेतला. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये वहिनीने मोडक्यातोडक्या जपानीत त्या बहिणींचा विषय काढला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी यादीच बाहेर काढली. कोण कुणाला घेऊन जाणार, ते आधीच लिहिलेलं होतं. बहिणींच्या नावापुढे आता दादाचंही नाव आहे.

मी त्याच रात्री बाबांना फोन केला. “बाबा, आपल्या सोसायटीची पूररेषा कुठून जाते, तो नकाशा आहे का आपल्याकडे?”

बाबा म्हणाले, “आता कशाला? पाणी तर कधीच ओसरलं!”

या रविवारी मी घरी जातेय. फ्रिजवर जागा करायला सांगितली आहे.

तुम्हालाही जायचंय?

रूट: निशी-कासाई – कासाई रिंकाई पार्क – सी-टू एक्स्प्रेस-वे – इवाबुची – शिबामाता – शिनोझाकी – निशी-कासाई. साधारण पन्नास-साठ किलोमीटर. थांबत-थांबत पूर्ण दिवस ठेवा.

लायसन्स: आरटीओकडून निघण्यापूर्वी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. जपानमध्ये भाड्याची गाडी घेताना ते आणि पासपोर्ट दोन्ही लागतात.

केव्हा: फुजी बघायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ. चेरी बघायची तर मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात. सप्टेंबर-ऑक्टोबर टायफूनचे महिने, हवामानाचा अंदाज बघूनच निघा.

चुकवू नका: इवाबुचीचं अराकावा नदीचं म्युझियम, लाल दरवाजाजवळ. शिबामाताचे कुसा-दांगो. आणि कुठल्याही बांधावर, काहीही न करता, अर्धा तास.